बर्फातल्या एका दिवसाच्या ट्रेकसाठी बूट घेताना

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे न्यू इंग्लंडमध्ये, बॉस्टन, नाशुआ, हार्टफर्डकडच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो : "यंदा बर्फात ट्रेक करायचाय, बूट कोणते घेऊ?" विचारणारे बहुतेक सह्याद्रीत फिरलेले असतात. राजगड-तोरणा झालेला असतो, दमाची अडचण नसते, उन्हाळ्यात न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समध्ये एखाद-दोन शिखरंही झालेली असतात. आणि त्यांना मिळणारं उत्तरही ठरलेलं : "सगळ्यात गरम मिळतील ते घे."

हा सल्ला ऐकू नका. डोंगर चढताना पाय गार पडतात ते बहुतेक वेळा बूट पातळ आहे म्हणून पडत नाहीत. आत मोजा घामानं भिजलाय किंवा पाय करकचून आवळलाय म्हणून पडतात. त्यामुळे बूट निवडताना आधी पाय कोरडा कसा राहील आणि बोटं मोकळी कशी राहतील ते बघायचं. उबेचा नंबर त्यानंतर.

हा लेख एका दिवसाच्या चालीपुरताच आहे. सकाळी निघायचं, उजेडात परतायचं. (डिसेंबरअखेर तिकडे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे विसरू नका.) बर्फात मुक्काम, किंवा ऐन हिवाळ्यात माउंट वॉशिंग्टनचा माथा, हे प्रकरण वेगळं. त्या माथ्यावर १९३४ च्या एप्रिलमध्ये ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेलाय. तिथे दुहेरी बूट (आत वेगळा, काढता येणारा बूट असलेले), क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब, अणकुचीदार काटे), आइस अ‍ॅक्स लागते आणि ती वापरायला शिकवणारा माणूस लागतो.

दुकानात जाताना सोबत काय न्यायचं

- ट्रेकला घालणार तेच मोजे. दुकानातल्या टोपलीतले पातळ मोजे घालून माप घेऊ नका.
- नेहमीचे इनसोल (बुटातली तळव्याखालची सुटी गादी) वेगळे वापरत असाल तर तेही.
- मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे छोटे पोलादी काटे) किंवा स्नोशूज (मऊ बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) आधीच घेतले असतील तर पिशवीत टाका. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही.
- पायाला घट्टे, हाड वाढलेलं किंवा जुनी दुखापत असेल तर ती नेमकी कुठे टोचते याची आठवण.

१. आधी डोंगर ठरवा

"हिवाळी ट्रेक" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात.

बॉस्टनजवळचे ब्लू हिल्स किंवा मॅसॅच्युसेट्समधला दोन हजार फुटांचा वॉचुसेट : इथे बर्फापेक्षा चिखल आणि अर्धवट वितळलेला राडाच जास्त. तुमचे उन्हाळी वॉटरप्रूफ बूट आणि चांगले लोकरी मोजे एवढ्यावर भागतं. इन्सुलेशनवाल्या (आत उबेचं अस्तर असलेल्या) बुटांची गरजच नाही. पहिला हिवाळा एवढ्यावरच काढला तरी बिघडत नाही.

न्यू हॅम्पशरमधले मोनॅडनॉक (३,१६५ फूट), विलर्ड, जॅक्सन, किंवा क्रॉफर्ड पाथनं वर जाऊन पिअर्स : नवख्यांचे खरे हिवाळी डोंगर हे. क्रॉफर्ड पाथ १८१९ सालापासूनची वाट, हिवाळ्यातही वर्दळीची, त्यामुळे बर्फ बहुतेक तुडवून घट्ट झालेला असतो. वाट बराच वेळ झाडीतून जाते, वारा लागत नाही. पुढे लिहिलेलं सगळं मुख्यतः अशा डोंगरांसाठी आहे.

तिसरा प्रकार फ्रँकोनिया रिजसारखा. साडेचार हजार फुटांच्या आसपास झाडं संपतात आणि पुढे मैल-दीड मैल उघड्यावर चालायचं असतं. इथे जास्त ऊब आणि जास्त कडक सोल दोन्ही लागतं. पहिल्या हिवाळ्यात तिकडे फिरकू नका.

डोंगर ठरला की तापमान बघा, आणि ते गावाचं नको. दर हजार फुटांना साधारण तीन ते पाच अंश फॅरनहाइट उतरतात. खाली पार्किंगमध्ये २५ असेल तर वर १० ते १५ धरा. फॅरनहाइट अजून अंगवळणी पडलं नसेल तर दोन खुणा लक्षात ठेवा : २० म्हणजे उणे ७ सेल्सिअस, आणि शून्य म्हणजे उणे १८. उंच शिखरांचा अंदाज माउंट वॉशिंग्टन ऑब्झर्व्हेटरी रोज देते; मंडळी निघण्याआधी तोच बघतात. नव्यानं जाणाऱ्यांनी शून्य फॅरनहाइटखालचे दिवस सरळ सोडून द्यावेत. डोंगर कुठे जात नाही.

२. २००, ४००, ८०० : ग्रॅमची भानगड

बुटाच्या पट्टीवर "२०० ग्रॅम", "४०० ग्रॅम" असं लिहिलेलं असतं. हे बुटाचं वजन नाही. थिन्सुलेट, प्रायमालॉफ्ट यांसारख्या कृत्रिम धाग्यांच्या अस्तराचं दर चौरस मीटरला वजन आहे. जाड अस्तर, जास्त ऊब, इतपत ठीक. पण एका कंपनीचे २०० आणि दुसरीचे २०० सारखेच उबदार असतील असं नाही. धागा वेगळा, बुटाचं कातडं वेगळं, सोलची जाडी वेगळी. शिवाय अस्तर बहुतेक वरच्या भागाला असतं. तळव्याखाली ते कमी, आणि उभं राहिलं की दबून जातं. गारवा मात्र बर्फातून तळव्यातूनच वर चढतो. म्हणून इनसोलकडे लक्ष द्यायचं, त्याबद्दल पुढे.

आता कुणाला किती?

चढताना शरीर भट्टीसारखं तापतं. सतत चालणाऱ्या, मध्यम वेगाच्या माणसाला शून्य ते ३० फॅरनहाइटमध्ये २०० ग्रॅम बहुधा पुरतं. हळू चालत असाल, गटातल्या मागच्यांसाठी थांबावं लागत असेल, फोटोचा नाद असेल किंवा घरातही तुमची बोटं गारच असतात असं असेल, तर ४०० घ्या. सहाशे-आठशेचे बूट एका जागी बसून राहणाऱ्यांसाठी : गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासेमारी करणारे, शिकारी. ते घालून चढायला लागलात की अर्ध्या-पाऊण तासात मोजा ओला. मग माथ्यावर पाच मिनिटं चहाला थांबलात की तोच ओलावा बर्फासारखा गार पडतो. सगळ्यात गरम बूट घेतलेल्या माणसाचे पाय सगळ्यात आधी गारठतात ते असे.

बुटावर "उणे ४० पर्यंत" वगैरे छापलेलं असतं, त्यावर फार विसंबू नका. हे आकडे ज्या त्या कंपनीच्या हिशोबाचे. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, किंवा गारव्यात बोटं पांढरीफटक पडण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. हिमदंशाची पहिली सूचना म्हणजे दुखणं आणि बधिरपणा. तीच कळणार नसेल तर कितीही ग्रॅमचा बूट उपयोगाचा नाही. पन्नाशीच्या पुढे डोंगराकडे वळलेली आपल्यात बरीच मंडळी आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

३. माप : इथे घाई करू नका

अर्धा वेळ याच पायरीवर घालवा.

पहिला सापळा नंबरांचा. भारतात बुटाचा नंबर ब्रिटिश पद्धतीचा असतो, इथे अमेरिकन. पुरुषांत साधारण एक नंबर वाढतो : तिकडचा ८ म्हणजे इथला ९ च्या आसपास. बायकांच्या मापात फरक दोनच्या जवळ जातो. "माझा नंबर आठ" म्हणून ऑनलाइन मागवलेला बूट हमखास चावतो. युरोपियन नंबर (४२, ४३) माहीत असेल तर त्यावरून पडताळा घ्या, आणि शक्यतो दुकानात पाय मोजून घ्या. धातूच्या सरकत्या पट्ट्यांचं ते साधन चांगल्या दुकानात असतंच. दोन्ही पाय मोजा. ते सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप धरा.

संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरावरही तसेच होणार असतात.

ट्रेकचा मोजा घालून बूट चढवा. लेस बांधू नका. पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला लागू द्या. आता टाचेमागे तर्जनी आरामात उतरली पाहिजे. हिवाळी बुटात थोडी जास्त जागा असली तरी चालेल. मग टाच मागे ठोकून लेस बांधा आणि आत बोटं हलवून बघा, पियानो वाजवल्यासारखी, एकेक. करंगळीला कडेचा स्पर्श होत असेल तर तो बूट खाली ठेवा. दुकानाच्या उबेत जे "थोडंसं घट्ट" वाटतं, ते गारव्यात रक्त अडवतं, आणि रक्त अडलं की अस्तर काही करू शकत नाही. अस्तर स्वतः ऊब तयार करत नाही; रक्तानं आणलेली ऊब धरून ठेवतं, इतकंच.

बहुतेकांना नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा लागतो. एक पूर्ण नंबर मोठा घेऊन त्यात दोन जाड मोजे कोंबायचा बेत मात्र करू नका. दोन जाड मोजे म्हणजे पुन्हा आवळलेला पाय, वर घड्या पडून फोड.

आपल्याकडे चपलांवर वाढलेले पाय बरेचदा चवड्याला पसरट असतात. अशा वेळी लांबी वाढवत बसू नका, रुंद माप मागा. ओबोझ, कीन, मेरेल, सॉलोमन, कोलंबिया यांचे हिवाळी बूट बहुतेक दुकानांत दिसतात. त्यातलं कीन पुढे ऐसपैस म्हणून ओळखलं जातं. पण पाय तुमचा, निर्णयही त्याचाच.

शेवटी उतरण. मोठ्या दुकानात एक तिरपी फळी किंवा खोटा खडक ठेवलेला असतो. त्यावर उतरताना जोरात पाय आपटा. अंगठा पुढे धडकला तर तीन हजार फूट उतरताना नख काळंनिळं होणार हे नक्की. चढताना टाच बुटात वर-खाली होत असेल तर लेस घोट्यापाशी वेगळ्या पद्धतीनं बांधून बघा, आणि तरीही होत असेल तर दुसरा बूट.

हे सगळं करून किमान वीस मिनिटं दुकानात तसंच हिंडा. सोबतच्यांना कंटाळा येतो. येऊ दे.

४. बूट हातात घेऊन तपासा

उंची घोट्याच्या वर जाणारी हवी. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली हवी, नाहीतर तिथून बर्फ आत शिरतो आणि विरघळतो. कातडी किंवा जाड कापडी बाहेरचा भाग, आत वॉटरप्रूफ पडदा. बुटाचं टोक आणि टाच रबरानं मढवलेली असेल तर उत्तम. लेसच्या खाली, पुढच्या बाजूला गेटर (बुटावरून नडगीपर्यंत गुंडाळायचं, बर्फ आत न जाऊ देणारं आवरण) अडकवायची छोटी कडी आहे का बघा. वरचे हूक हातमोजे घालून वापरता येतील एवढे मोठे असावेत. गोठवणाऱ्या थंडीत उघड्या बोटांनी लेस सोडवणं म्हणजे शिक्षा.

सोल दोन्ही हातांनी पिळून बघा. फडक्यासारखा पिळला गेला तर तो बूट शहरातला. खोल, एकमेकांपासून दूर असलेले खाचे हवेत, म्हणजे बर्फ अडकून न बसता गळून पडतो.

इथे दुसरा सापळा : बर्फाचे बूट आणि बर्फात डोंगर चढायचे बूट वेगळे. खाली रबर, वर कातडं असलेले ते न्यू इंग्लंडचे प्रसिद्ध बूट, एल. एल. बीन १९१२ पासून बनवतंय ते, अंगणातला बर्फ उपसायला आणि कामावर जायला झकास. फेल्टचं काढता येणारं अस्तर असलेले उंच गमबुटासारखे बूटही तसेच. दोन्हींत घोटा सैल राहतो, सोल लवचिक असतो. सपाट रस्त्यावर कळत नाही, दगडांच्या उतरणीवर कळतं.

५. घसरण बूट थांबवत नाही

सह्याद्रीतून आलेल्या माणसाला हे पटवणं कठीण जातं. आपण अ‍ॅक्शनच्या ट्रेकिंग बुटांच्या ग्रिपवर कातळ चढलेलो. पण कडक बर्फावर कोणतंही रबर पकडत नाही. ओल्या बर्फासाठी खास बनवलेले सोल मिळतात, त्यांचा पार्किंगमध्ये उपयोग होतो. डोंगरावर मायक्रोस्पाइक्सच हवेत. रबरी पट्टा बुटावर ताणून बसवायचा, खाली साखळ्या आणि पोलादी काटे. काटुला आणि हिलसाउंड हे दोन ब्रँड सगळीकडे दिसतात.

हिवाळी बूट उन्हाळीपेक्षा जाडजूड असतो, त्यामुळे स्पाइक्सचं माप हिवाळी बुटावर बसवूनच ठरवा. पट्टा बुटाच्या टोकाला इतका ताणला जायला नको की पुढचा भाग दबून बोटं आवळली जातील. रात्री घरात, सतरंजीवर बसून चढवायचा-काढायचा सराव करा.

मऊ, खोल बर्फ असेल तर स्नोशूज. बूट त्यांच्या पट्ट्यांत मावतो का आणि टाचेचा पट्टा घसरून खाली येत नाही ना, हे विकत घेण्याआधीच तपासा. स्नोशूज न घालता मऊ बर्फातून गुडघ्यापर्यंत रुतत चालणाऱ्यांवर इथले जुने ट्रेकर जाम चिडतात. त्यांचं खरंही आहे. ते खड्डे रात्रीत गोठतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा पाय मुरगळतो.

६. मोजे, इनसोल, गेटर

सुती मोजे नकोत. मेरिनो लोकरीचे मध्यम किंवा जाड, एकच जोडी. व्हर्माँटमधल्या नॉर्थफील्ड गावच्या डार्न टफ कंपनीचे मोजे महाग वाटतात, पण फाटले तर बदलून देतात. खूप घाम येत असेल तर आत एक अगदी पातळ लायनर. जादा जोडी प्लास्टिकच्या पिशवीत, बॅगेत.

बुटासोबत येणारे इनसोल बहुतेक नावापुरते. लोकरीचे किंवा फेल्टचे घालून बघा, पण ते आत गेले की जागा कमी होते, म्हणून मापाच्या वेळीच आत घाला. बोटांचे रासायनिक वॉर्मर वापरणार असाल तर तेही तेव्हाच. हातांचे वॉर्मर बुटात चालत नाहीत : त्यांना हवा लागते, बुटात ती पुरत नाही. "टो वॉर्मर" असं लिहिलेलेच घ्या.

गेटर घ्याच. वरून आत पडणारा बर्फ कोणताही वॉटरप्रूफ पडदा अडवत नाही.

७. कुठून, कधी, कितीला

चांगला जोड साधारण दीडशे ते अडीचशे डॉलरमध्ये येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानं हिवाळी माल काढून टाकतात, तेव्हा घेतला तर पुढच्या वर्षासाठी स्वस्तात पडतो, फक्त मधली मापं संपलेली असतात. बूट डोंगरावर वापरून मग परत करता येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. बरीच दुकानं फक्त घरात घातलेला बूट परत घेतात. काही दुकानं आपल्या सभासदांना जास्त मुदत देतात.

जुने बूट घेताना, किंवा घरून येताना कपाटातले जुने आणताना, सोलचा मधला थर अंगठ्यानं दाबून बघा. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला की आतून कुजतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि चढणीवर अख्खा सोल जबड्यासारखा उघडतो. मुंबई-कोकणच्या दोन-चार पावसाळ्यांत कपाटात पडलेला जोड थेट न्यू हॅम्पशरला नेऊ नका.

८. पहिल्या ट्रेकच्या आधी आणि त्या दिवशी

आठवडाभर घरात संध्याकाळी घाला. मग गावातल्या टेकडीवर दोन तास. कुठे घासतंय ते घराजवळ कळलेलं बरं.

आदल्या रात्री बूट गाडीच्या डिकीत ठेवू नका. गोठलेला बूट पायानं तापवायचा म्हणजे सुरुवातीलाच ऊब खर्ची. घरात ठेवा, गाडी चालवताना साधे बूट घाला आणि हे हीटरच्या झोतात, पुढच्या सीटच्या पायाशी.

चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. जाड जाकीट आधीच काढून बॅगेत टाका. अंग घामेजलं की पाय घामेजतातच. लेस चवड्यावर सैल, घोट्यावर पक्की. माथ्यावर थांबलात तर बर्फावर उभं राहू नका, बसायच्या फोमच्या तुकड्यावर पाय ठेवा. आणि खात राहा. उपाशी शरीर पहिली काटकसर बोटांवर करतं.

बोटं दुखायला लागली तर थांबून लेस सैल करा, पाय जोरात मागे-पुढे झुलवा, मोजा ओला असेल तर बदला. दुखायचं थांबून बोटं बधिर झाली तर "बरं वाटतंय" असं समजू नका. तिथूनच परत फिरा. पांढऱ्या पडलेल्या बोटांना चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. सोबत्याच्या अंगाच्या उबेला, पोटाशी धरा. रंग आणि संवेदना परत आली नाही तर हॉस्पिटल.

घरी आलात की इनसोल आणि लेस काढून बूट उघडे ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन-तीन तासांनी बदलायचे. भिंतीलगतच्या हीटरवर ठेवू नका. डिंक सुटतो, कातडं तडकतं. बाहेरच्या बाजूवर पाण्याचे थेंब घरंगळायचे थांबून मुरायला लागले की वॉटरप्रूफिंगचा हात द्यायची वेळ झाली. पार्किंगमधलं मीठ ओल्या फडक्यानं त्याच रात्री पुसा.